धुईतले चुन्याचे पट्टे

सकाळी फोन वाजला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून समोरची पाण्याची टाकी शोधत होते. काल होती. आज यवतमाळात धुई उतरली होती, आणि टाकी, तिच्यामागचा कडुनिंब, कोपऱ्यावरचं चहाचं दुकान, सगळं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखं झालं होतं. फोनवर भोयर होते.

“मॅडम, इकडं लय धुई पडली. यंदा चुना मारू का नको?”

ना नमस्कार, ना कसं काय. भोयर रुळांवरचे माणूस. केळापूरकडच्या माझ्या जुन्या सेक्शनवर ते आता मेट आहेत, म्हणजे रुळांची निगा राखणाऱ्या टोळीचे मुकादम. मी सिग्नल खात्यातली इंजिनिअर. तिथून बदलून मला बराच काळ झाला, पण धुई पडली की त्यांचा फोन मलाच येतो.

“मारू नका असं कोण म्हणतं?” मी विचारलं.

“कागद आला ना. म्हणते, आता इंजिनातच सिग्नल दिसते, तं चुन्याचं काम उरलं नाही. लागत असंन तं सिग्नलवाल्याइले इचारून मारा. मंग तुमाले इचारून राह्यलो.”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी हुशार बाई आहे, उत्तरं माझ्या जिभेवर नेहमीच तयार असतात. ते मी गिळलं.

“पाहून सांगते,” मी म्हटलं.

“पाहून?” भोयर हसले. “बरं. पाहूनच सांगजा.”

ते का हसले ते मला ठाऊक आहे. चहा ठेवला, तो उतू गेला, गॅस पुसला, आणि पुसता पुसता तो सगळा हंगाम हाताशी येऊन उभा राहिला.

पुण्यामुंबईचे लोक याला धुकं म्हणतात. आमच्याकडची धुई वेगळी. धुकं बघायला माणसं गाडी काढून डोंगरावर जातात. धुई कापसावर पडते, तुरीच्या फुलावर पडते, आणि तिला बघून कुणी खूश होत नाही. माझ्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष होतं. पांढरकवड्याला एक खोली घेऊन राहत होते. सकाळी स्कूटी काढून स्टेशनाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असायचे, जिनिंगकडे गेलेल्या गाड्यांमधून काट्यांनी ओरबाडून घेतलेले. धुईत बाभूळ दिसायची नाही, नुसता कापूस दिसायचा, हवेत लटकलेला. स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर आईनं कोंबलेली शाल, आणि तरी हँडल धरलेली बोटं माझी आहेत की नाहीत हे बघून ठरवावं लागायचं.

भोयर तेव्हा कीमॅन होते. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी घट्ट धरून ठेवणारी जी लोखंडी पकड असते तिला रेल्वेत चावी म्हणतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून ठरलेला टप्पा पायी चालायचा, सैल झालेली प्रत्येक चावी ठोकायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी लावायची, हे कीमॅनचं काम. पन्नाशीचा उंच, वाळका माणूस. चालताना मान खाली, बोलतानाही मान खालीच. मी सुरुवातीला समजले की ते मला घाबरतात. नंतर लक्षात आलं, ते माझ्याशी बोलतानासुद्धा चाव्या बघत असायचे.

त्यांची एक रीत होती. काढलेली चावी ते जिथल्या तिथे कधीच परत बसवायचे नाहीत. हातात घेऊन तोलायचे, बोट फिरवून बघायचे. ताठ, कोरी असेल ती वळणावर किंवा सांध्यापाशी जायची, जिथे गाडीचा मार जास्त. झिजलेली सरळ रुळावर, जिथे तिला फारसं काम नाही. “चांगल्या बैलाले चढावर जुपते, तसं,” त्यांनी मला एकदा समजावलं होतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. जुन्या कीमॅनकडून नव्याकडे हातोड्याबरोबर आलेली ती गोष्ट होती, आणि त्यांच्या टप्प्यात रुळाची कधी तक्रार नव्हती.

आणि धुईच्या दिवसांत चुना. सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे रुळांच्या मधल्या स्लीपरांवर चुन्याचे आडवे पांढरे पट्टे मारायचे. धुईत सिग्नलचा दिवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, पण इंजिनाच्या उजेडात खालचे पांढरे पट्टे दिसतात. पट्टे आले की ड्रायव्हरनं समजायचं, आता सिग्नल येतोय, हात ब्रेकवर ठेव. भोयर जुन्या डालड्याच्या डब्यात चुना कालवायचे, केरसुणीच्या बुडख्यानं मारायचे, आणि मग मागे सरून, डोळे बारीक करून बघायचे. दिवाळीत अंगणातली रांगोळी बघतात तसे. दोनदा तरी परत मारायचे.

त्याच हिवाळ्यात ते नवं यंत्र आलं.

कागदावर त्याला मोठं नाव होतं. साधं सांगायचं तर पुढचा सिग्नल लाल आहे की हिरवा, किती लांब आहे, आपण किती वेगात आहोत, हे सगळं इंजिनातल्या पडद्यावर दिसायचं. आणि ड्रायव्हरनं ऐकलं नाही तर यंत्र स्वतःच ब्रेक लावायचं. गाडी नेमकी कुठे आहे हे त्याला कळावं म्हणून रुळांच्या मधोमध ठरावीक अंतरावर चपटे ठोकळे बसवले होते, शाळेच्या पाटीच्या निम्म्या आकाराचे. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड असतो ना, तसे; फरक एवढाच की हे दगड इंजिन वाचायचं. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात त्याचा स्वतःचा नंबर होता. बाहेरून बघाल तर सगळे सारखे.

आमच्या सेक्शनवर ते प्रयोगासाठी बसवलं होतं, आणि त्याची सगळी देखभाल नव्या मुलीवर, म्हणजे माझ्यावर. मी वेडी झाले होते त्याच्यापायी. इतकी की घरी फोन केला तर आई म्हणायची, दुसरं काही बोल.

यंत्राचे सुरुवातीचे नखरे मात्र विचारू नका. पडद्याचा उजेड धुईत समोरच्या काचेवर पडायचा आणि ड्रायव्हरला बाहेरचं होतं तेही दिसेनासं व्हायचं. एकानं त्यावर आपला रुमाल टाकला तर यंत्राला त्याखाली गरम झालं आणि ते बंदच पडलं. कधी स्टेशनात उभ्या गाडीला ते वेग कमी करायला सांगायचं. कधी रेडिओच्या टॉवरशी बोलणं तुटलं म्हणून पाच मिनिटं किंचाळत राहायचं. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव जावई ठेवलं. आज जावई कसे आहेत? बरे आहेत, घाटंजीपर्यंत रुसले नाहीत, असं थट्टेनं म्हणायचे, जिथे आमची लाइन जातसुद्धा नाही.

मेश्राम नावाचे एक ड्रायव्हर होते, कोळशाची मालगाडी घेऊन यायचे. हळू बोलणारे, नीटनेटके, डब्यातली पोळीसुद्धा घडी मोडू न देता खाणारे. त्यांच्याबरोबर मी इंजिनात खूप फिरले. इंजिनात एक जुनी शिस्त असते. सिग्नल दिसला की असिस्टंट हात लांब करून मोठ्यानं म्हणतो, हिरवा. ड्रायव्हर स्वतः बघतो, हात करतो आणि म्हणतो, हिरवा. दोघांनी पाहिलं, दोघांनी म्हटलं, तेव्हाच तो हिरवा. आता पडद्यावर तो आधीच दिसायचा. मी एकदा म्हटलं, “मेश्रामजी, आता ओरडायची गरज नाही.”

“ते बरोबर आहे मॅडम,” ते म्हणाले, “पण त्यानं पाहिलं हे त्याचं झालं. माझं पाहणं बाकी आहे ना.”

मी मनात म्हटलं, जुनी माणसं. नवीन गोष्ट पचत नाही. केवढी शहाणी होते मी.

एके दिवशी सकाळी मी स्टेशनच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या इंजिनात, त्या पडद्याचं मागचं झाकण उघडून बसले होते. तिसरा दिवस होता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवरून सांगत होता, मी वायरी चाचपत होते, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. भोयर. फाटकाजवळचे काही स्लीपर फुटले होते, ते बदलायचं काम चालू होतं. तिथले दोन ठोकळे त्यांनी काढून पुसून ठेवले होते. नियम असा की ठोकळा काढताना आणि बसवताना सिग्नलचा माणूस, म्हणजे मी, तिथे हवी, आणि बसवल्यावर हातातल्या वाचकानं, म्हणजे ठोकळ्याचा नंबर वाचणाऱ्या छोट्या उपकरणानं, नंबर तपासायचा.

“मॅडम, हे डबे समदे एकसारखेच ना?”

“हो हो, एकसारखेच. बसवून टाका,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी स्टेशनात बसून मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ठोकळे बसवले, तपासले, बरोबर. खाली सही केली. दोन किलोमीटरवर होतं ते ठिकाण. स्कूटीनं दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवसापासून जावई त्याच एका जागी रुसायला लागले.

फाटकाच्या अलीकडे, एका कापसाच्या शेताला लागून. गाडी चांगली येत असायची आणि अचानक फुस्स करून ब्रेक. मेश्रामांची गाडी थांबली, मग दुसऱ्याची, मग पॅसेंजर. परत सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया दव उतरायची वाट बघत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेल्या असायच्या, कारण ओला कापूस वेचता येत नाही. त्यांना बसल्या जागी करमणूक झाली.

“काहून थांबली वो बाई आज बी?” एक विचारायची.

“तुमाले पाह्याले,” दुसरी म्हणायची, आणि सगळ्या खिदळायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मेश्रामांच्या असिस्टंटला उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. पॅसेंजर थांबली की एक म्हातारी आपलं गाठोडं घेऊन चढायला लागली. इथे स्टेशन झालं अशी तिची खात्री पटली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या बाजूनं पुरावा भरपूर होता.

मी मात्र रडकुंडीला आले होते. यंत्राच्या नोंदीत एकच ओळ यायची, जागा जुळत नाही. मी इंजिनाखालचा अँटेना बदलला. टॉवर तपासला. कंपनीच्या माणसाशी भांडले. वरून विचारणा आली, की ड्रायव्हर सवयीनं स्वतःच ब्रेक लावून यंत्रावर ढकलत नाहीत ना? आणि मेश्रामांसारख्या माणसाला त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला, आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “मॅडम, रोज वेगळं इंजिन, वेगळा ड्रायव्हर. जागा मात्र तीच.” इतकं सरळ सांगूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी रुळाखेरीज सगळीकडे बघत होते.

मग एका दाट धुईच्या सकाळी मेश्रामांची भरलेली मालगाडी तिथेच झटक्यानं थांबली आणि दोन डब्यांना जोडणारी मधली कपलिंग तुटली. गाडीचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा फाटकातच अडकून बसला. कुणाला खरचटलंही नाही. पण फाटक दुपारपर्यंत बंद, दोन्हीकडे कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि चौकशी लागली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तो हातातला वाचक घेऊन रुळात उतरले. भोयर सोबत होते. धुई विरून लख्ख ऊन पडलं होतं, बाया ओणव्या होऊन वेचत होत्या. मी सिग्नलजवळच्या ठोकळ्यावर वाचक धरला. नंबर आला. तो नंबर तिथला नव्हता. मी पुन्हा धरला. मग आम्ही चालत लांबच्या ठोकळ्याकडे गेलो, आणि सिग्नलजवळचा नंबर तिथे निघाला.

“हे इथं कसे?” मी विचारलं.

भोयरांचा चेहरा उजळला. मला त्यांच्या कामातलं काही विचारलं की उजळायचा. “याचा कोपरा उडालेला होता मॅडम. तो दुसरा कोरा, चांगला. मंग म्हटलं चांगला सिग्नलपाशी पाहिजे, महत्त्वाची जागा हाय ते. उडालेला इकडं लांब टाकला. तुम्ही म्हणल्या ना, एकसारखेच हाय म्हून.”

चांगली चावी मार असेल तिथे. त्यांनी यंत्राला आपल्या रुळाचंच एक अंग मानलं होतं आणि आपल्याकडचं उत्तम त्याला दिलं होतं. लांबच्या ठोकळ्यावरून जाताना इंजिन सिग्नलजवळचा नंबर वाचायचं. त्याच्या हिशोबात जागा जुळायची नाही, आणि जुळेनासं झालं की थांबायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. बिचारं रुसलं नव्हतंच कधी. शंका आली की ते थांबत होतं, आणि मी त्याला महिनाभर शिव्या देत होते.

मी भोयरांना सांगितलं काय झालंय ते. ते खाली बसले, तिथेच, रुळावर. कीमॅन रुळावर कधी बसत नाही.

“म्हंजे मेश्रामसायबाची गाडी माह्यामुळं तुटली?”

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, “बघू आपण.”

भोयरांचं नाव मेटच्या यादीत होतं. सव्वीस वर्षं हातोडा वाहिल्यावर आलेलं नाव, त्याच महिन्यात हुकूम निघणार होता. चौकशीत ठपका आला की नाव जाणार, हे स्टेशनात पाणी भरणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. माझं वर्ष उमेदवारीचं होतं. माझ्यावर ठपका आला तर मी कायम होणार नव्हते. मी हा हिशोब पुन्हा पुन्हा करत होते.

चौकशी स्टेशनमास्तरांच्या खोलीत झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं, माझी सही बघितली आणि भोयरांना विचारलं, “मॅडमनी तपासून सही केली आहे. मग ठोकळे बदलले कसे?”

भोयर उभे होते. मान खाली, नेहमीसारखी.

“मॅडमनं पाह्यलं तवा बरोबर होते साहेब,” ते म्हणाले. “मॅडम गेल्यावर मीच बदलवले. आपल्या मनानं.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

साहेबांनी लिहून घेतलं. मी तिथे तीन फुटांवर खुर्चीत बसले होते. माझ्या समोर चहा होता. मी तो प्यायले. आजही स्टेशनातल्या कपात चहा आला की मला तो घोट आठवतो आणि स्वतःची लाज वाटते. साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी मान हलवली, नाही अशी.

दोन दिवस सुट्टी होती, मी यवतमाळला घरी गेले. बाबा कचेरीत आयुष्यभर कारकून होते. न वाचता सही न करणारा माणूस म्हणून लोक त्यांना वैतागायचे. लग्नपत्रिकासुद्धा ते पहिल्या ओळीपासून वाचतात. जेवताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतला, आणि विचारलं, “त्या माणसाचं पूर्ण नाव काय?”

मला येत नव्हतं. रोज सोबत चालणाऱ्या माणसाचं मला नुसतं आडनाव माहीत होतं.

बाबांनी आतून कोरे कागद आणून टेबलावर ठेवले आणि ते पेपर वाचायला बाहेर गेले. मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन वेळा त्यात कामाचा ताण होता, पडदा होता, कंपनीचा माणूस होता. चौथ्यांदा एवढंच उरलं, की त्यांनी मला विचारलं होतं, मी न बघता चूक सांगितलं, आणि न तपासता सही केली.

सोमवारी कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “हे दिल्यावर मागे घेता येणार नाही,” म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे.

भोयरांना ते दुपारपर्यंत कळलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते स्टेशनाच्या टोकाला उभे होते, खांद्यावर हातोडा, आणि रागानं लाल झालेले.

“कायले लिहून देल्लं तुम्ही? मी एकडाव सांगतलं होतं ना साहेबाले? आता मी खोटा पडलो.”

“तुम्ही खोटंच बोलला होता.”

“मंग? तीन दिवस त्या इंजिनात बसून व्हत्या तुम्ही. डोळे पाह्यले व्हते मी तुमचे, सुजून गेलते. अशा माणसाले म्या कायले फोन करून इचारलं? येऊन पाहा म्हणाले पाहिजे होतं.”

मला रडू आलं. तिथेच, प्लॅटफॉर्मवर, दोन कुत्री आणि एक पोर्टर बघत असताना. ते गांगरले. हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“रडू नका वो मॅडम,” ते म्हणाले. “लोक म्हणतीन चावीवाल्यानं मारलं.”

त्यांना ताकीद मिळाली, नाव यादीत राहिलं. मेश्रामांचा खुलासा त्यांच्या फायलीतून काढून टाकला, आणि मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांनी डब्यातली एक पोळी माझ्यापुढे सरकवली. माझं कायम होणं लांबलं आणि सेवापुस्तकात एक ओळ आली, ती आहे अजून. त्याच आठवड्यात भोयरांनी प्रत्येक ठोकळ्याशेजारी स्लीपरवर चुन्यानं त्याचा नंबर लिहून काढला, ठसठशीत मराठी आकड्यांत. मी नंबर वाचून दाखवायची, ते लिहायचे, मग ते वाचायचे आणि मी पुन्हा तपासायची. दोघांनी पाहिलं, दोघांनी म्हटलं. आणि त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी विचारून घेतलं. भोयर गजानन लक्ष्मण. आडनाव आधी सांगितलं त्यांनी, हजेरीपटात असतं तसं.

तर आज सकाळी त्यांचा फोन आला, आणि मी चहा अर्धा टाकून पांढरकवड्याची बस धरली. तिथून ऑटोनं स्टेशन. कुणाच्या ओळखीनं नाही, रीतसर परवानगी काढून मी मालगाडीच्या इंजिनात चढले. धुई अजून होती, शेतं नव्हती, नुसती खालची दोन हात जमीन होती. यंत्र आता वयात आलंय. पडदा मंद, डोळ्यांवर न येणारा. ते किंचाळत नाही, रुसत नाही. पुढच्या सिग्नलचा हिरवा ठिपका पडद्यावर कधीचा येऊन बसला होता. त्या कापसाच्या शेताशी मी श्वास धरून उभी राहिले; गाडी न अडखळता निघून गेली. फाटक गेलं. कुणालाच काही वाटलं नाही, माझ्याशिवाय.

ड्रायव्हर तरुण होता, या यंत्रावरच शिकलेला. मी त्याला विचारलं, चुन्याचे पट्टे लागतात का तुला? त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. “याच्यात दिसते ना मॅडम सगळं. पट्टे नसले तरी चालते.” मी वहीत तसं लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात समोर, इंजिनाच्या उजेडात, मागच्या वर्षीचे पुसट पट्टे आले. चार-पाच, पिवळट पडलेले, कोपऱ्यांत उरलेले. आणि तो मुलगा, पट्टे नसले तरी चालतं म्हणणारा, खुर्चीत सरळ झाला. हात ब्रेकवर गेला. पडद्यावरची नजर उचलून त्यानं समोरच्या पांढऱ्या भिंतीत घातली. बघत राहिला. मग धुईतून एक ओला हिरवा दिवा निघाला, त्याच्या असिस्टंटनं हात लांब केला आणि म्हटलं, हिरवा. यानंही हात केला. हिरवा.

मी वही बंद केली.

भोयर पुढच्या स्टेशनवर टोळी घेऊन उभे होते. केस आता पार पांढरे. मला इंजिनातून उतरताना बघून ते पुढे आले. शिडीशी हात धरायला नाही, शिडीचा खालचा नट सैल आहे का बघायला.

“एवढ्यासाठी आल्या मॅडम? फोनवर सांगून द्यायचं ना.”

“फोनवर एकदा सांगितलं होतं.”

ते हसले नाहीत. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच, चाव्या सोडून.

“मंग? मारू का नको?”

“मारा,” मी म्हटलं. “लेखी देते.”

टोळीतल्या एकानं डबा उघडला. चुना आधीच कालवलेला होता.